मामाचे मुखवटे आणि माझं पत्रक

माझा मामा चौदा महिने तुरुंगात होता. लाकूडचोरीची खोटी केस. सुटला तो निर्दोष. मग चौदा महिने कशाबद्दल? तर जामिनाला उभा राहील असा सातबारावाला माणूस आम्हा ठाकर आदिवासींना अख्ख्या अकोले तालुक्यात मिळाला नाही. याला मी न्याय म्हणत नाही. कुणाला म्हणायचं असेल त्यानं माझ्यासमोर येऊन म्हणावं.

आमच्या गावात बोहाडा होतो. देवाराक्षसांचे मुखवटे चढवून माणसं संबळावर नाचतात. ते मुखवटे मामाच्याच घरात घडायचे. तुरुंगातही त्यानं हात थांबवला नाही. रद्दी वर्तमानपत्रं भिजवली, ताटातल्या भाताच्या खळीत मळली. रंग विटकरीचा, चुन्याचा, चहाच्या चोथ्याचा. सुटला तेव्हा पोत्यात पाच मुखवटे होते.

पण गावात कुजबुज सुरू झाली. तुरुंगात घडलेलं तोंड देवाच्या नाचात चढवायचं का?

"कोर्टात सुटलो," मामा म्हणाला, "गावात अजून तारीख पडतीय."

मी चळवळीतली. मी काय करणार? नगरला प्रदर्शन लावलं आणि पत्रक छापलं. ठळक अक्षरांत: 'डोळे नसलेले मुखवटे! आंधळ्या व्यवस्थेला आदिवासी बंदिवानाचा सवाल!' पाचही मुखवट्यांना डोळ्यांची भोकं नव्हती ना. लोक समोर उभे राहून गंभीरपणे माना हलवत होते. एका प्राध्यापकांनी वहीत टिपूनही घेतलं.

मामा प्रदर्शनाला आला, त्यानं पत्रक दोनदा वाचलं.

"ह्ये कुनी लिव्हलं?"

"मी."

"येडी का गं तू? डोळं शेवटाला पाडत्यात. जो नाचनार, त्याच्या तोंडाचं माप घिऊन. न्हाईतर गडी नाचता नाचता संबळवाल्याच्या अंगावर पडंल! आत कुनाचं माप घेनार हुतो, जेलरचं?"

लहानपणापासून बोहाडा पाहत आले, पण मुखवटा घडताना कधी पाहिला नव्हता. त्या दिवशी मी 'चुकले' म्हणाले. असं फारसं होत नाही. मग उरलेली पत्रकं फाडली, मुखवटे पोत्यात भरले आणि एसटीनं गावी आणले. प्राध्यापकांचा फोन आला, "भोकं पाडू नका हो, आशय जाईल." म्हटलं, "सर, ते नाचायला केलेत."

नवं पत्रक हातानं लिहिलं. दोनच ओळी: 'हे मुखवटे निर्दोष माणसानं केलेत. ज्यांच्या घरी नाचायचा मान आहे, त्यांनी माप द्यायला यावं.' ते मी देवळासमोर, सगळे जमलेले असताना मोठ्यानं वाचलं. ऐकून सगळे घरी गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी गावचे कारभारी आले. रावण नाचवायचा मान त्यांच्या घरचा. ओट्यावर बसले आणि मुखवटा उलटासुलटा करून पाहिला.

"नाक लई मोठं केलंस रं."

"पेपरात खोटं लई असतंय, कारभारी. भिजल्यावर फुगलं."

कारभारी खो खो हसले आणि टोपी काढून ताठ बसले. मामानं त्यांच्या या डोळ्यापासून त्या डोळ्यापर्यंत दोरा धरला. तोवर आणखी दोघं तोंड धुऊन अंगणात येऊन थांबले होते.

संध्याकाळपर्यंत चार मुखवट्यांना माणसं मिळाली. पाचव्याच्या घरानं अजून माप दिलेलं नाही. त्यांच्या दारात मी दोनदा जाऊन भांडून आलेय. मामा म्हणतो, उद्या तू नको, मीच जातो, दोरा घेऊन.