अकरावीतल्या आजोबाचं मृत्युपत्र

आमच्या सान रोकेच्या शाळेत अकरावीचा वर्ग जाताना मृत्युपत्र करून जातो. अकरावी म्हणजे शाळेचं शेवटचं वर्ष. जमीनजुमला कोणाकडेच नसतो, म्हणून प्रत्येकाची खोड, लकब, बाकावरची जागा, जे काय असेल ते दहावीच्या कोणाच्या तरी नावे करायचं. गाव पटांगणात चिंचेखाली खुर्च्या टाकून ऐकायला बसतं. ज्याच्या नावे काही सोडलं त्याने उभं राहून "घेतलं" म्हणायचं, की वाटणी झाली. त्या वर्षी ते लिहायचं आणि वाचायचं काम माझ्याकडे आलं. अक्षर चांगलं म्हणून नव्हे. "याहायराला जीभ आहे, तिलाच करू दे," असं वर्गाने एकमताने ठरवलं, आणि खरं सांगायचं तर मला ते आवडलं.

नियम एकच. जो शाळा सोडून जाणार, त्याचंच मृत्युपत्र वाचायचं. राहणाऱ्याचं वाचलं तर तो कायमचा राहतो. हसू नका. आमच्या पोम्पिलिओचं मृत्युपत्र असंच घाईने वाचलं, मग तो भूगोलात उडाला, आणि आता केस पिकले तरी तो शाळेतच आहे, शिपाई म्हणून घंटा वाजवतो. आणि गेल्या वर्षी लोकांनी पुन्हा तीच चूक केली. एलिएसेरचं वाचलं, गाव पोट धरून हसलं, आणि दोन दिवसांनी कळलं की पोरगा फिजिक्समध्ये गेला.

तर हा एलिएसेर आमच्या वर्गात आला तो गेल्या वर्षीच्या वर्गाने मागे टाकलेलं सामान म्हणून. त्याआधी त्याची दोन वर्षं होडीत गेली होती. बाप कामाला म्हणून व्हेनेझुएलात गेला तो तिकडचाच झाला, मग मामाच्या होडीतून नदीपार माणसं, कोंबड्या आणि केळीचे घड नेऊन याने घर चालवलं. आमच्यापेक्षा मोठा, खांद्याने रुंद, वर झुपकेदार मिशी. पहिल्याच दिवशी आम्ही त्याचं नाव आजोबा ठेवलं. त्याने ते नाव असं घेतलं जसं कोणी बसायला पाट घ्यावा.

इंग्रजीच्या नव्या बाई आल्या तेव्हा त्यांना वाटलं, हे शिक्षणखात्याचे साहेब आहेत. त्यांनी त्याला स्वतःची खुर्ची दिली, कॉफी मागवली आणि तासभर आमच्या वर्गाचं गाऱ्हाणं सांगितलं. आजोबाने सगळं ऐकून घेतलं. शेवटी म्हणाला, "बाई, पोरं वाईट नाहीत. जरा वेळ द्या." बाईंना खरं कळलं ते हजेरी घेताना.

त्याचा उपयोग आम्ही सगळ्यांनी करून घेतला. मुलींचे बाप नाचाला पाठवत नसत, पण "आजोबा बरोबर आहे" म्हटलं की पाठवत. नाफेरला पालकसभेला कोणी मोठं माणूस हवं होतं, कारण घरी सांगायची सोय नव्हती. आजोबा त्याचा काका होऊन गेला, आणि हेडबाईंसमोर त्याने नाफेरला असं काही झापलं की नाफेर खरोखरचा रडला. बाहेर आल्यावर नाफेर म्हणाला, "एवढं मनावर घ्यायला कोणी सांगितलं होतं?" आजोबा म्हणाला, "तुझे मार्क बघितले ना रे मी."

एवढं सगळं जमणाऱ्या माणसाला फिजिक्स काही जमेना. यंदाही तो त्यातच अडकला, आणि आरिस्तिदेस सरांनी त्याची फेरपरीक्षा घेतली. निकाल शुक्रवारी सांगतो म्हणाले. मृत्युपत्रही शुक्रवारीच. पास झाला तर बारांकियाला बोटींची इंजिनं दुरुस्त करायचा कोर्स, तिथे अकरावी पास लागत होती. नापास झाला तर परत मामाची होडी, कारण तिसऱ्यांदा अकरावीत बसणार नाही, हे त्याने आईला सांगून टाकलं होतं. आई म्हणजे आमच्या नुबियाकाकू, बाजारात पानात उकडलेले मक्याचे बोयो विकतात. त्यांनी या शुक्रवारसाठी नवा झगा शिवून घेतला होता, पण कोणी विचारलं तर म्हणायच्या, पुतणीच्या लग्नाला लागेल.

आरिस्तिदेस सर राहतात पलीकडच्या काठावर. ते होडीने येणार, म्हणून पटांगणात बसलेलं सगळं गाव अर्धं माझ्याकडे आणि अर्धं नदीकडे बघत होतं. मृत्युपत्र धाकट्यापासून सुरू होतं, तेव्हा आजोबाचं शेवटी येणार होतं. तोवर सर येतील असा माझा हिशोब होता.

मारेल्बिस सर्वांत धाकटी. लघवीला म्हणून वर्गातून जायची आणि अंड्याचा अरेपा खाऊन यायची, ओठ पुसायचीसुद्धा नाही. तिने आपलं भरल्या पोटाने गरीब दिसण्याचं कसब सोडलं. "घेतलं," दहावीतून आवाज आला. नाफेरने डोळे उघडे ठेवून झोपायची विद्या सोडली. ती घ्यायला तिघं उठले, भांडण झालं, ते मी मुद्दाम लांबवलं. नदीवर होडी नव्हती.

मी लिहिलेलं संपत आलं तशी पदरची भर घालू लागले. एकेकाची राहिलेली खोड काढली. मारेल्बिसला परत उभी केली. तिची आई ओरडली, "अगं, माझ्या पोरीचं आणखी किती काढशील?" मी म्हटलं, "काकू, तुमच्या पोरीत माल भरपूर आहे." मग वर्गातली पोरं संपली. मी हेडबाईंचा चष्मा वाटला, जो नेहमी त्यांच्या डोक्यावर असतो आणि त्या टेबलाखाली शोधतात. पोम्पिलिओची घंटा वाटली. तरी होडी नाही. तेव्हा माझं डोकं फिरलं आणि मी आरिस्तिदेस सरांनाच हात घातला. म्हटलं, सर पेपर झोपाळ्यात पडून तपासतात, एका झोक्याला एक मार्क देतात, आणि मार्क देता देता झोप लागली की तो पोरगा तिथेच नापास होतो. त्यांचा झोपाळा मी दहावीला दिला, दोऱ्या कापून. लोक खूप हसले. मला मात्र घाम फुटला होता, कारण आता वाटायला काहीच उरलं नव्हतं.

मी पुन्हा एकदा नदीकडे बघितलं. नुबियाकाकू खाली मान घालून झग्याची शिवण चाचपत होत्या. आजोबा उठून उभा राहिला.

"याहायरा, वाच आता माझं."

"नाही वाचणार. सर येऊ देत."

"लोक उन्हात बसलेत."

"बसू देत. गेल्या वर्षी वाचलं तेव्हा काय झालं?"

"गेल्या वर्षी मी नापास झालो, कारण मला येत नव्हतं," तो म्हणाला. "मृत्युपत्र वाचल्याने नव्हे. वाच गं. राहिलोच, तर माझ्या वस्तू काय लांब जाणार नाहीत, दहावीतूनच मागून घेईन."

कोणीतरी हसायला गेलं आणि थांबलं. मी वाचलं. माझा आवाज नीट येत नव्हता, मला त्याचा राग आला, म्हणून मोठ्याने वाचलं. "मी, एलिएसेर, माझी मिशी सोडतो. कोणाचाही काका व्हायची तयारी सोडतो. एकच धडा दोनदा ऐकून पहिल्यांदाच ऐकतोय असा चेहरा करायची कला सोडतो. आणि मला मागून आलेल्या वर्गाने जसं मधोमध बसवून घेतलं, तसं पुढे कोणी मागे राहिलं तर त्याला बसवून घ्यायचं, हे काम सोडतो." शेवटचं मी माझ्या मनाने लिहिलं होतं. दहावीतला थोराड ओस्नाइदेर उठला. त्याने आधी आईकडे बघितलं, कारण अपशकुनाचा माल होता. आईने मान हलवली. "घेतलं," तो म्हणाला.

त्यानंतर मागून, म्हाताऱ्या बायकांच्या रांगेतून, खुर्ची सरकल्याचा आवाज आला. टोपी काढून आरिस्तिदेस सर उभे राहिले. हातात कोरोसोच्या सरबताचा रिकामा ग्लास होता. ते कधीच आले होते. बाजाराच्या धक्क्याला उतरून, मासे खाऊन, मागच्या फाटकाने येऊन बसले होते, आणि आम्ही सगळे नदीकडे डोळे लावून होतो.

"सर," मी म्हटलं, "मग बोलला का नाहीत?"

"मृत्युपत्र वाचताना मध्ये बोलू नये," सर म्हणाले. "आणि माझ्या झोपाळ्याचं काय होतंय ते ऐकायचं होतं." मग आजोबाकडे वळून म्हणाले, "तू पास आहेस. मंगळवारीच तपासला पेपर."

"मंगळवारी?" नुबियाकाकू म्हणाल्या.

"शुक्रवारी सांगतो म्हटलं होतं, काकू. आज शुक्रवार."

काकूंनी चप्पल काढली. आम्हाला वाटलं, सरांना मारतात. पण त्या अनवाणीच पळत गेल्या आणि सरांना मिठी मारून एवढ्या मोठ्याने रडल्या की चिंचेवरचे पक्षी उडाले. माझ्या छातीवरचं ओझं असं उतरलं की मी तिथेच स्टेजच्या पायरीवर बसले. नाफेर नाचत होता, पोम्पिलिओ विनाकारण घंटा बडवत होता.

आजोबा मात्र जागचा हलला नाही. "पास?" त्याने मला विचारलं, जणू निकाल माझ्याकडे होता. मी हो म्हटलं. त्याने दोन्ही हातांनी तोंड झाकलं, आणि ते रुंद खांदे हलायला लागले. वर्षभर आमच्या सगळ्यांची भांडणं मिटवणारा, बापांची समजूत घालणारा माणूस हुंदके देत होता, आणि त्याला काय सांगावं हे आमच्यातल्या एकालाही कळेना, कारण असं कोणी रडलं की आम्ही त्यालाच बोलवायचो. शेवटी मारेल्बिस पुढे झाली आणि तिने त्याला पोटाशी धरलं. तेव्हा मला दिसलं की मिशी सोडली तर तो आमच्यासारखाच होता, नुकता विशीत आलेला एक पोरगा.