पाववाल्याच्या घरात पावाला बंदी

पाववाला एकदा हट्टाला पेटला की भट्टीसुद्धा त्याच्यापुढे थंड. सगळ्या गल्लीला पाव पुरवणाऱ्या या माणसानं स्वतःच्या घरात पावाचा तुकडा येऊ द्यायचा नाही असं ठरवलं होतं, ते त्याच्या सात वर्षांच्या लेकीसाठी, चिमणीसाठी. तिला दिवसातून दहा-बारा झटके यायचे. बोलता बोलता पोरगी मध्येच थांबायची, नजर फिरायची, हातातलं भांडं खाली. दोन औषधं हरली होती. शेवटी डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "पीठ, साखर जवळजवळ बंद करू. लोणी, साय, तेल, अंडी, आणि तीही आम्ही सांगू तेवढीच, मोजून. साखर मिळेनाशी झाली की शरीर चरबीवर चालायला शिकतं, मेंदूसुद्धा. बऱ्याच मुलांचे झटके त्यानं कमी होतात. पण अंगवळणी पडेपर्यंत त्रास होणार."

त्रास कसला, हाल! तिसऱ्याच दिवशी चिमणी ओकली आणि भिंतीकडे तोंड करून पडून राहिली. "पाव दे," एवढंच म्हणायची.

"जळो मेला तो आहार!" बायको कडाडली. "लेकराला उपाशी मारायचं का?"

"तिला नक्की काय होतंय ते तिला सांगता येत नाही," पाववाला म्हणाला. "मला झालं तर मी सांगेन." आणि दुसऱ्या दिवसापासून तोही तेच खाऊ लागला. डॉक्टरीणबाईंना विचारून बरं का, उगाच शहाणपणा नाही.

आणि झालं की त्यालाही! भट्टीपुढे उभं राहिल्यावर डोळ्यांसमोर काजवे चमकले, डोक्यात घण पडायला लागले, पायांत गोळे आले. समोर गरम पावांचा ढीग, आणि तो वास! एक पाव त्यानं तोंडापर्यंत नेलासुद्धा. मग स्वतःलाच एक सणसणीत शिवी हासडली, पाव परत ठेवला आणि पिठाच्या पोत्यावर बसकण मारली.

गल्ल्यावरची त्याची मोठी बहीण नाक दाबून म्हणाली, "अरे, तोंडाला नासक्या फळांसारखा वास मारतोय तुझ्या!"

"मारू दे, ताई. चरबी जळायला लागली."

घरी गेला तो थेट चिमणीच्या उशाशी. "डोकं इथं, मागे ठणकतं ना? आणि पायांत गोळे?"

ती उठूनच बसली. "तुलाही?"

"मलाही."

डॉक्टरीणबाईंना त्यानं फोनवर सगळं नीट सांगितलं. त्यांनी दोघांचंही मीठ-पाणी वाढवून दिलं. आठवडाभरात दोघांचीही डोकेदुखी उतरली, चिमणी पाव मागायची थांबली. पण डोकेदुखी वेगळी आणि झटके वेगळे, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. बायकोनं या आहाराला तीन आठवड्यांची मुदत दिली होती. झटके दहाचे सहा झाले, सहाचे चार, आणि एक दिवस पुन्हा सात. त्या दिवशी तो भट्टीमागे जाऊन ढसाढसा रडला. मग तोंड धुतलं आणि लोणी मोजायला घरी आला.

मुदत संपायच्या दिवशी बायको दारातच बसलेली दिसली, तोंडावर हात धरून.

"काय झालं?"

तिनं आत बोट दाखवलं. आत चिमणी शेजारणीला शाळेतलं भांडण सांगत होती: आधी कुणी ढकललं, मग कोण रडलं, बाईंनी कुणाला उभं केलं. वाक्यामागून वाक्य.

"सकाळपासून एकही नाही," बायको पुटपुटली.

तो आत धावणार तोच तिनं त्याची बाही घट्ट धरली. "अहो, थांबा ना. बोलणं पुरं होऊ दे तिचं."