पुढचं पान एकट्याने उघडायचं नाही

आज दुपारी पुस्तक हातात घेऊन पडले आणि चक्क दीड तास झोपले. जाग आल्यावर आठवला तो पनवेलचा एक रविवार... आणि इतकी वर्षं पोटात ठेवलेली एक गोष्ट.

त्र्याण्णव-चौऱ्याण्णव साल असेल. आम्ही चौघं दर रविवारी दुपारी तीनला सुलभाताईंकडे जमायचो आणि जुन्या, नावाजलेल्या कादंबऱ्या मोठ्याने वाचायचो. बुक क्लब हा शब्द आमच्या गावीही नव्हता. माझी जाऊ म्हणायची, "निघाल्या पोथीला!"

सुलभाताई शाळेतून निवृत्त झालेल्या, दामलेकाका पोस्टातून. फरीदा माझी शेजारीण, घरीच शिवणक्लास घ्यायची. आणि चौथी मी.

वाचनालयात कादंबरीची एकच प्रत असायची. त्यामुळे एकाने वाचायचं, बाकीच्यांनी ऐकायचं... आणि काकांचा एक नियम. आठवडाभर पुस्तक कोणाच्याही घरी राहो, एकट्याने पुढे जायचं नाही. एकदा फरीदाने दोन पानं पुढची चाळली, तर काकांनी ती दोन पानं वाचून होईपर्यंत तिला आत चहा करायला पाठवलं होतं!

त्या वर्षी माझं काही खरं नव्हतं. सकाळी सातची एसटी पकडून तुर्भ्याला ऑफिस, परत आल्यावर स्वयंपाक, मुलांचे अभ्यास. नवरा बदलीच्या गावी, आणि सासूबाई खुब्याचं हाड मोडून अंथरुणाला खिळलेल्या.

रविवारी दुपारी दोन तास जाऊ त्यांच्याजवळ बसायची, तेवढीच काय ती सुटका. पण त्या दोन तासांतही माझं लक्ष लागेना... काका वाचत असायचे आणि मी मनात दुधाचं, औषधाचं, उद्याच्या डब्याचं बघत असायचे. शेवटी ठरवलं, बास. हे आता सोडून द्यायचं.

तेव्हा एक जाडजूड कादंबरी चालली होती आणि तिची शेवटची चाळीसेक पानं उरली होती. त्या आठवड्यात वाचनालयातून तारीख वाढवून आणायची पाळी माझी. पुस्तक पर्समध्येच होतं... आपण आता जाणारच नाही, तर निदान शेवट तरी कळू दे, असं म्हणत मी एसटीत बसून तो वाचून टाकला.

त्या कादंबरीतल्या थोरल्या सुनेसाठी आम्ही चार महिने जीव टाकत होतो. तिचं काय झालं ते मला दोन दिवसांच्या प्रवासात कळलं. आणि खरं सांगते, काहीच वाटलं नाही. भांडी घासून पालथी घालावीत तसं एक काम उरकलं, बस.

रविवारी गेले ती निरोप घ्यायलाच. त्या दिवशी कादंबरी संपवायचीच होती, कारण मंगळवारी काका सहा महिन्यांसाठी नागपूरला मुलाकडे निघाले होते. वाचून झालं की सांगू, असं ठरवून मी भिंतीला टेकून बसले. काकांनी सुरुवात केली...

डोळे उघडले तेव्हा पाच वाजून गेले होते. माझ्या डोक्याखाली उशी होती आणि अंगावर सुलभाताईंची शाल.

फरीदा कोपऱ्यात बसून सुलभाताईंच्या रात्रीच्या भाजीची मेथी निवडत होती. काका रविवारचा पेपर वाचत होते आणि आवाज होऊ नये म्हणून पान दोन्ही हातांनी हळूहळू उलटत होते. पुस्तक स्टुलावर मिटून ठेवलेलं, कॅलेंडरच्या कागदाची खूण त्या चाळीस पानांच्या अगदी सुरुवातीलाच. जेमतेम दोन पानं पुढे सरकलेली.

"संपली?" मी ओशाळून विचारलं.

"कशी संपेल? तू कुठे ऐकत होतीस?" काका म्हणाले.

"अहो, पण तुमचं मंगळवारचं तिकीट..."

"ते रद्द करतो. पुढच्या आठवड्यात जाईन. नागपूर काय पळून जातंय?"

"उठवायचं ना मला!" मी म्हटलं. त्यावर फरीदा मेथीतून मान वर न करता म्हणाली, "या अल्ला, किती दिवसांनी झोपलीस गं बाई... कोण उठवणार तुला?"

मला इतकी लाज वाटली म्हणून सांगू! मी येणार नाही हे सांगायचं होतं आणि मी शेवट वाचलाय हेही. दोन्ही न सांगताच मी शालीची घडी घातली आणि घरी निघाले.

पुढच्या रविवारी मी गेले. काकांनी पुस्तक माझ्याच हातात दिलं, "आज तू वाच, म्हणजे झोपणार नाहीस." तीच पानं, एसटीत कोरड्या डोळ्यांनी उरकलेली... पण थोरली सून दाराशी थबकते तिथे माझा आवाजच फुटेना. फरीदाने पुस्तक माझ्या हातातून घेतलं आणि पुढचं वाचलं. काका उगाचच चष्मा पुसत बसले.

मी काही सोडलं नाही. दमणं कमी झालं असंही नाही, सासूबाईंचं दुखणं पुढे दोन वर्षं चाललं आणि माझी एसटी सातचीच राहिली. पण आपल्यासाठी कोणीतरी थांबतं, हे एकदा कळल्यावर आठवडा कसाबसा रविवारपर्यंत ओढता यायचा.

आता सुलभाताई नाहीत, काकाही नाहीत. फरीदा मात्र हे वाचेलच, म्हणून सांगून टाकते... फरीदा, तो शेवट मला आधीच माहीत होता गं. काका असते तर ती चाळीस पानं होईपर्यंत त्यांनी मला आत चहा करायला पाठवलं असतं.

आणि मी निमूटपणे गेले असते... चारही कप घेऊन बाहेर आले असते.