जागेला नमस्कार

चि. नोआ, चि. ईतान,

तुमची आई हे वाचून दाखवील. शब्द अडला की तिला थांबवा. कीर्तनाविषयी लिहायचं मी कित्येक वर्षं टाळलं. आता टाळता येत नाही, कारण नोआला गुरुवारपर्यंत उत्तर हवं आहे.

ईतान, तुला ठाऊक नसेल. नोआ तिकडे ज्या ज्यू नाट्यसंस्थेत काम करते, तिने यंदा निरनिराळ्या वंशांच्या आणि देशांच्या ज्यूंना घरच्या गोष्टी रंगमंचावर आणायला बोलावलं आहे. नोआने माझ्या वडिलांचं मराठी कीर्तन निवडलं. सुरुवातीला ती वाकून रंगमंचाला हात लावते आणि तो कपाळाला लावते. संस्थेच्या सल्लागारांनी कळवलं, एवढं काढा. ज्यू बाई लाकडापुढे वाकली असं दिसेल. नोआ फोनवर म्हणाली, "आजी, काढू?"

लोहारा गावात बेने इस्राएलांचं, म्हणजे मराठी ज्यूंचं, आमचं एकच घर. वडील शाळेत इंग्रजी शिकवायचे. शनिवारी दिवस मावळून विसाव्याचा शब्बाथ सुटला की ओसरीवर योसेफाचं कीर्तन. पेटीवर आई, तबल्यावर शेजारचे किराणा दुकानदार शिवलिंगअप्पा, कपाळाला भस्माचे पट्टे लावून. योसेफाला भावांनी आडात टाकलं की अप्पा म्हणायचे, "मास्तर, पोराला वर काढल्याबिगर म्या उठत न्हाय." वडील म्हणायचे, "मग ठेका धरा, अप्पा. दोर तुमच्याच हातात हाय."

उभं राहण्याआधी वडील फरशीला हात लावायचे. मी एकदा कारण विचारलं. म्हणाले, "देव एकच. पण जी भुई उभं राहायला जागा देते तिला विचारून घ्यावं."

आम्ही देश सोडून इस्राएलला निघालो तेव्हा मी एकवीस वर्षांची होते. स्टँडवर एसटीच्या टपावर ट्रंक चढवताना अप्पा चिडलेले होते. "तिकडं समदे तुमचेच असतील. तबला वाजवायला बी तुमचाच गडी मिळंल." वडील नुसते हसले. मलाही वाटलं होतं, तिकडे सगळे आपलेच.

अश्दोदला हिब्रू थोडी जमू लागली तशी मी वसाहतीच्या नाटकमंडळात गेले. नाटक योसेफाचंच होतं. मला मोलकरणीचं काम दिलं. माझ्या रंगाला शोभेल म्हणाले. तेही मी गिळलं. पहिल्या तालमीला मात्र सवयीने चपला काढल्या आणि वाकून रंगमंचाला हात लावला. दिग्दर्शक ओरडला, "हे काय? आपण मूर्तिपूजक नाही!" सगळे माझ्याकडे बघू लागले. मी म्हटलं, "चूक झाली."

महिन्याभरात मी जाणं सोडलं. घरी सांगितलं, वेळ होत नाही. वडिलांनी जास्त विचारलं नाही. इथे आल्यावर तेही कधी उभं राहून कीर्तन करेनात. बसल्या बसल्या दोन पदं गुणगुणायचे आणि वर्तमानपत्र उघडायचे.

नोआ, तुझा फोन आल्यापासून मला स्वस्थता नाही. घासलेली भांडी पुन्हा घासते आहे. या पत्राचे दोन खर्डे फाडले. काढ म्हटलं तर तुझा प्रयोग होईल. ठेव म्हटलं तर कदाचित होणार नाही, आणि माझ्या जुन्या रागापायी तुझी संधी जाईल. मी खरं बोलते आहे की नुसती रागाने, हेही मला नक्की सांगता येत नाही.

तरीही, ठेव. तुझ्या पणजोबांनी एका देवाशिवाय कुणाला देव म्हटलं नाही, हे त्या सल्लागारांना शांतपणे सांग. हात जोडून मागू नकोस. वाकले ती माझी चूक नव्हती. चूक झाली म्हटलं, ती होती. त्यांनी कार्यक्रमातून तुझं नाव काढून टाकलंच तर मला कळव, लपवू नकोस. तुझ्यापुढे वाकून माफी मागायची वेळ आली तरी मी मागेन, पण आज उत्तर हेच.

वडिलांची कीर्तनाची वही हरवली. एकंदर पदं किती होती ते आता सांगणारं कुणी नाही. मला एकोणीस येतात. नोआला सात.