डोक्याच्या वरची बटणं

जुनं घर स्वस्तात घ्यायचं, डागडुजी करायची आणि नफ्यात विकायचं, असं मी तीन व्हिडिओ बघून ठरवलं होतं. कोल्हापुरात पंचगंगेकडच्या गल्लीत तसं घर मिळालंही. नवा पांढरा रंग, भाव कमी. ते तपासायला सिमेंटच्या दुकानदाराने एक गवंडी पाठवला.

साठीचा माणूस, कानावर पेन्सिल. घरात त्याने एक चक्कर मारली. भिंतीवर टिचकीसुद्धा मारली नाही. मग मला घेऊन शेजारी गेला आणि प्यायला पाणी मागितलं. नंतर समोरच्या घरात तेच. तिसऱ्या घरात न मागता चहा आला. सगळीकडे तो भिंतीकडे बघत राहिला.

बाहेर आल्यावर म्हणाला, "पावणं, दिव्याची बटणं बघितलासा?"

"नाही."

"सगळ्यांनी डोक्याच्या वर बसवल्यात. पुराचं पाणी कुठवर येतंय, ते गल्लीला ठावं हाय. तुमच्या घरात तेवढी कमरंला हाईत. इकणाऱ्याला ऱ्हायचं न्हाय की."

"तुम्हाला कसं कळलं?"

"मी हितलाच. मगाशी च्या दिला ती आमची मंडळी."

"मग आधीच सांगायचं."

"सांगून कोण ऐकतंय?"

मी हातातली मोजायची टेप खिशात ठेवली. "पूर येतो, तर तुम्ही का घेतलंत इथं घर?"

त्याने माझ्याकडे जरा काळजीने बघितलं.

"ऱ्हायला," तो म्हणाला.

हे कारण माझ्या तिन्ही व्हिडिओंत नव्हतं.