थ्रासोसच्या अंगणातल्या गांधीलमाश्या

आमच्या शेजारच्या थ्रासोसची खानावळ चालते ती एका पाटीवर. 'वाइन घरच्या मळ्याची' असं त्याच्या बापानं, अनेस्तिसनं, स्वतःच्या हातानं रंगवून ठेवलंय. थ्रासोसची बायको अर्गिरो ससा इतका सुरेख शिजवते, की पाटीची गरजच नाही. पण थ्रासोसला हे पटत नाही. अथेन्सचे लोक रविवारी गाड्या घेऊन येतात ते पाटीसाठीच, अशी त्याची खात्री.

गेल्या उन्हाळ्यात टेकडीवर गारा पडल्या. मळा मातीत गेला. सप्टेंबरात आमच्या गल्लीत घरोघर द्राक्षं तुडवतात, तेव्हा गांधीलमाश्या जीव नकोसा करतात. थ्रासोसच्या अंगणात मात्र त्या वर्षी एकही नाही. तरी ऑक्टोबरात, संत दिमित्रिओसच्या सणाला सगळ्यांची पिंपं उघडली, तेव्हा याच्याही पिंपातून नवी वाइन वाहायला लागली.

मी भरल्या टेबलांमध्ये विचारलं, "थ्रासोस, यंदा माश्या रुसल्या का रे तुझ्यावर?"

"तुझ्या जिभेलाच घाबरल्या असतील," तो म्हणाला. हसला, पण मान पुसत हसला.

दुसऱ्या दिवशी पिंपाभोवती माश्यांचं मोहोळ. थ्रासोस गिऱ्हाइकांना दाखवतोय, "बघा, यांना कोण फसवणार?"

मला काही चैन पडेना. भाकरी मागायच्या निमित्तानं मागे गेलो. पिंपामागे बशी, बशीत द्राक्षाची काकवी. माश्या सगळ्या बशीवर, पिंपाच्या नळावर एक नाही.

"काय शोधताय, भाऊजी?" मागून अर्गिरोचा आवाज.

"माश्यांचं जेवण बघतोय, वहिनी."

ती हसली नाही. "ह्यांना सांगून थकले. तुम्ही तरी बोला."

मी काय बोलणार? इतकी मजेची गोष्ट चटकन संपवायला माझं मन होईना.

त्याच रविवारी औषधांचा दुकानदार मिल्तोस आला. हा माणूस घोट घेतला की डोळे मिटून टेकडीच्या दगडांची चव सांगतो. म्हणाला, "पोराचं लग्न आहे. अख्खं पिंप दे. टेबलाटेबलावर चिठ्ठी लावतो, 'अनेस्तिसच्या मळ्याची' म्हणून."

थ्रासोस पाटीकडे बघत राहिला. बशीची काकवी त्यानंच ओतली होती. पण बापाचं नाव परक्याच्या लग्नात मिरवायचं म्हटल्यावर त्याचा हात अडला.

"मिल्तोसराव, ही कारखान्याची आहे. टँकरनं आली. मळा गारांनी खाल्ला."

"मग इतके दिवस मी तारीफ कशाची केली?"

"सशाची समजा."

मिल्तोस उठला, पैसे ठेवले आणि गेला. त्या संध्याकाळी पाटीखाली खडूनं एक ओळ उमटली: 'यंदा विकतची.' रविवारच्या गाड्या निम्म्या झाल्या. उरलेले लोक सशासाठी यायला लागले, हे अर्गिरोनं नवऱ्याला ऐकवलं, आणि पुन्हा पुन्हा ऐकवलं.

यंदा वेली पुन्हा धरल्यात. खडूची ओळ पुसली गेलीय. सप्टेंबर लागला तशा थ्रासोसच्या अंगणात माश्या घोंगावायला लागल्या, थेट नळावर बसतात. थ्रासोस मला म्हणतो, "आता तरी पटलं?"

पटलं. तरी भाकरी मागायला गेलो की मी पिंपामागे एकदा वाकून बघतोच.