पडायची तयारी

मोडता येणार नाही अशी वस्तू बनवण्यात माझ्या भाऊजींचा हात धरणारा माणूस त्या काळच्या अख्ख्या मध्यप्रांतात नव्हता, आणि न मोडणाऱ्या वस्तूंचा घरात किती ताप होतो हे माझ्या थोरल्या बहिणीइतकं कुणालाच ठाऊक नव्हतं. भाऊजी बांधकाम खात्यात ओव्हरसियर होते. सडकेखालच्या मोऱ्या आणि नाल्यांवरचे लहान पूल बांधण्यात त्यांची हयात गेली, आणि घरी आल्यावरही त्यांच्या हाताला दुसरं काही बांधणं ठाऊक नव्हतं. ताईला त्यांनी सागवानी पोळपाट करून दिला आणि त्याला खालून तीन लोखंडी पट्ट्या मारल्या. तो एका हातानं उचलेल अशी बाई आमच्या दोन्ही घराण्यांत नव्हती. "भाऊजी, यावर पोळी लाटायची की सडक?" असं मी विचारलं, तर समाधानानं म्हणाले, "मेहुणीबाई, तुमच्या नातसुना यावर पोळ्या लाटतील." एका पावसाळ्यात छत्रीची काडी मोडली, म्हणून त्यांनी साऱ्याच काड्या जाड तारेच्या बसवल्या. छत्री एकदा उघडली ती मिटेना. दारातून आत मावत नाही म्हणून दोन महिने तशीच उघडी ओसरीवर बसून राहिली, आणि येणाऱ्याजाणाऱ्याला भाऊजी विचारत, "पण काडी मोडली का?"

अशा माणसानं विमान करायला घेतलं.

दुसरी मोठी लढाई सुरू व्हायच्या दोनतीन वर्षं आधीची गोष्ट. विलायतेला परत निघालेल्या एका साहेबाच्या सामानाचा लिलाव होता. ताईनं भाऊजींना पाठवलं होतं कपाट आणायला. ते घेऊन आले एक पेट्रोलवर चालणारं इंजिन, लिंबाएवढं, पुढे लाकडी पंखा लावलेलं. सोबत एक विलायती मासिक होतं. त्यात लिहिलं होतं की तिकडे लोक पाच पाच फुटांची खेळातली विमानं करतात, इंजिन लावून उडवतात, आणि काही जण तर जमिनीवर उभं राहून बिनतारी यंत्रानं त्यांना डावं-उजवं वळवतात. भाऊजींनी ते मासिक पोथीसारखं वाचलं आणि ताईच्या घरातली आतली खोली कारखाना झाली. सागवानाच्या पट्ट्यांचा सांगाडा, वर जाड मांजरपाट, त्यावर पुलाच्या कठड्यांना लावतात तो लाल रंग, दोन हात. पोटात एक चौकोनी कप्पा, त्याला पितळी बिजागरी आणि कडी. तो बिनतारी यंत्राचा. यंत्र कुठून येणार, कोण आणणार, याचा पत्ता नव्हता, पण त्याची खोली बांधून तयार होती.

इंजिनाची तऱ्हा आणखी वेगळी. त्याला पेट्रोलमध्ये एरंडेल मिसळून लागे, आणि ते भाऊजी घराघरांतून मागून आणत. त्यामुळे गल्लीतल्या पोरांत त्यांच्याइतका लाडका माणूस दुसरा नव्हता. रविवारी सकाळी चमचा घेऊन आया बाटली शोधायच्या आणि बाटली विमानाच्या सेवेला गेलेली असायची. पंख्याला बोटानं झटका देऊन इंजिन सुरू करायचं. भाऊजी "जय राम" म्हणून झटका मारत, इंजिन एकदा फट् म्हणे आणि बोटावर पंख्याचा तडाखा बसे. उजव्या हाताच्या तर्जनीला त्यांच्या वर्षभर चिंधी होती. तीन महिने इंजिन नुसतंच फटफटलं. मग एका दुपारी, कुणाच्या ध्यानीमनी नसताना, पहिल्याच झटक्याला सुरू झालं ते थेट अंगणात, आणि समोर ताईनं वर्षाचं भिवापुरी मिरचीचं तिखट धोतरावर पसरून ठेवलं होतं. पाच मिनिटांत अख्खी गल्ली शिंकत होती. शेजारच्या आजोबांनी डोळ्याला ओलं फडकं लावून विचारलं, "काहून गा, ओव्हरसियर, काय पाप केलं आम्ही?" भाऊजींच्याही डोळ्यांतून धारा लागल्या होत्या, पण त्या मला तिखटाच्या वाटल्या नाहीत. "चाललं!" ते म्हणाले, "पाहिलंत मेहुणीबाई? चाललं!" मी पाहिलं नव्हतं. मी डोळे मिटून विहिरीकडे धावत होते.

इंजिन चाललं तरी विमान उडत नव्हतं. मैदानात नेलं की ते बैल सुटलेल्या छकड्यासारखं जमिनीवरूनच धावे आणि कशाला तरी धडके. इतर कुणी हळहळलं असतं. भाऊजी धावत जाऊन तपासत आणि जे मोडलं असेल ते दुप्पट मजबूत करत. चाक निखळलं, लोखंडी आस घातला. पंख उचकटला, पट्टी मारून आठ स्क्रू ठोकले. दर धडकेला विमान पावशेर-अर्धा शेर वजनदार व्हायचं. "आता नाही मोडणार," ते म्हणत, आणि खरंच ते मोडत नसे. एकदा धडकेनं समोरच्या कुंपणाचा खांब वाकला, पण विमानाच्या रंगाचा टवकाही उडाला नाही. त्या दिवशी भाऊजी इतके खूश होते की आपण ते उडवायला नेलं होतं, याचाच त्यांना विसर पडला होता.

हे असं चाललंही असतं, पण ताईची लेक पहिल्या बाळंतपणाला माहेरी यायची होती. घरात बाळंतिणीला देण्यासारखी खोली एकच, ती आतली, आणि तिच्यात हे लाल धूड पंख पसरून पडलेलं. पंख काढावे तर ते स्क्रूंनी असे जखडलेले की खोलीची भिंतच आधी निघाली असती. ताई शांत बाई. वर्षभर तिनं तेलाचे डाग, लाकडाचा भुसा आणि घरभर पेट्रोलचा वास सहन केला होता. संक्रांत झाली त्या संध्याकाळी मात्र ती माझ्यासमोर त्यांना म्हणाली, "वसंतपंचमीला पोर येते. त्याच्या आदल्या दिवशी हे घराबाहेर. उडो नाही तर न उडो." भाऊजींनी मान हलवली. थोड्या वेळानं माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाले, "एकदा वर गेलेलं पाहिलं असतं तर मग खुशाल मोडून टाकलं असतं हो. एकदाच." पंधरा दिवस उरले होते. मला त्यांच्या नादाची कधी कीव आली नव्हती, त्या दिवशीही आली असं नाही; पण अर्धवट टाकलेलं काम मला बघवत नाही. मी पदर खोचला.

सुरुवात इंजिनापासून केली. भाऊजी दर रविवारी ते पूर्ण उघडत, पुसत आणि पुन्हा जोडत. दोन भागांमधलं कागदी चकतं दर वेळी फाटे आणि ते त्या जागी पुठ्ठ्याचं कापून घालत, जाडजूड. सांध्यातून हवा सुटायची, तेल गळायचं. मी तेल लावलेल्या पातळ कागदाचं नवं चकतं कात्रीनं कापून दिलं, ते बसवून घेतलं आणि स्क्रू फिरवायचा पेचकस माझ्या घरी नेऊन कुलपात ठेवला. "अहो, पण आत काय चाललंय ते पाहायला नको?" "नको. दर घटकेला झाकण काढलं तर भात शिजत नाही." तेव्हापासून इंजिन तिसऱ्या-चौथ्या झटक्याला सुरू होऊ लागलं.

सांगाड्याचं मात्र मला काही सुचेना. तो प्रश्न सोडवला गिरजाबाईनं. नवं बाळ पहिल्यांदा नव्या सुपात ठेवायचं ही आमच्याकडची रीत, म्हणून ताईनं आमच्या नेहमीच्या बुरडिणीला, म्हणजे गिरजाबाईला, सूप सांगायला बोलावलं होतं. साठीची बाई, तोंडात तंबाखू, हातात बांबू सोलायची सुरी. मापाचं बोलणं झालं आणि तिची नजर आतल्या खोलीत गेली.

"हे काय होय वं बाई? पालखी?"

"विमान आहे," भाऊजी म्हणाले.

गिरजाबाईनं आत जाऊन एक पंख धरून उचलून पाहिला. उचलला नाही. "उडते?"

"अजून नाही."

"उडन कसं? मले उचलत नाही तं हवेले कसं उचलन?" तिनं कप्प्याची कडी वाजवली. "आन् या खोलीत कोन राहते?"

"बिनतारी यंत्र. अजून यायचं आहे."

"तं मंग ते आल्यावर बांधा ना जी घर!"

भाऊजी खूप ओशाळले. मग जरा आवाज चढवून त्यांनी तिला समजावलं, की एवढ्या उंचीवरून पडलं तर चुरा होईल, म्हणून मजबुती लागते. गिरजाबाईनं ऐकून घेतलं आणि आपलं एक सूप त्यांच्यापुढे धरलं. "हे दाबा." भाऊजींनी दाबलं, ते वाकलं. सोडलं, सरळ झालं. पोळपाटाला पट्ट्या मारणारा माणूस ते सूप दाबत आणि सोडत बसला. गिरजाबाई म्हणाली, "साहेब, तुमी तं निरी पडाचीच तयारी करून राहिले. उडाची तयारी कोन करन?"

भाऊजींनी सूप खाली ठेवलं आणि मासिकातलं विमानाचं चित्र तिच्यापुढे सरकवलं.

गिरजाबाई आठ दिवस ओसरीवर बसून होती. मासिकातलं चित्र समोर ठेवून तिनं कवळ्या बांबूच्या काड्या सोलल्या, दिव्याच्या आचेवर वाकवल्या, दोऱ्यानं बांधल्या. भाऊजी समोर उकिडवे बसून प्रत्येक सांध्याला "इथे एक छोटासा स्क्रू..." असं पुटपुटत आणि ती सुरी वर करून "गप बसा जी" म्हणे. वरून पतंगाचा कागद मी चिकटवला. खळीत मोरचूद घालायला मी सांगितलं, नाहीतर मुंग्यांनी विमान आठवड्यात खाल्लं असतं. आमच्या घरच्या पोथ्यांचे पुठ्ठे मीच बांधत असे, म्हणून मला हे ठाऊक; पुलवाल्यांना नाही. शेवटी गिरजाबाईनं दोन बोटांवर ते तोललं, नाक जड आहे म्हणाली आणि इंजिन बोटभर मागे सरकवायला लावलं. सारं मिळून त्याचं वजन जुन्या विमानाच्या एका चाकाएवढं असेल.

वसंतपंचमीच्या दोन दिवस आधी, सकाळी वारा पडलेला असतो तेव्हा, आम्ही बैलांची दमणी करून गावाबाहेर हुडकेश्वराकडे गेलो. ज्वारी निघालेलं मोकळं वावर होतं. गिरजाबाई आपणहून आली. ताई यायची नव्हती, पण दमणी निघताना दशम्यांचं गाठोडं घेऊन चढून बसली आणि म्हणाली, "मी फक्त फराळाचं बघायला येते." भाऊजींनी हत्यारांची पेटी घेतली होती, पट्ट्या, स्क्रू, तार, सरस, सगळं. पेचकसही मी परत दिला होता.

डोळ्यांत औषध घालायच्या नळीनं त्यांनी मोजून पेट्रोल घातलं, जेमतेम मिनिटभर पुरेल एवढं. जास्त घातलं तर विमान रामटेकला जाईल म्हणाले. चौथ्या झटक्याला इंजिन सुरू झालं. गोड, एकसारखा आवाज. भाऊजींनी विमान दोन्ही हातांनी डोक्यावर धरलं आणि धरूनच राहिले. इंजिन ओढत होतं, कागद थरथरत होता, मोजलेलं पेट्रोल संपत होतं, आणि हा माणूस सोडेना. मी ओरडले, गिरजाबाई ओरडली. त्यांचे ओठ हलत होते, डोळे गच्च मिटलेले.

"अहो, सोडा ना!" ताई दमणीजवळून एवढ्या मोठ्यानं ओरडली की बैल दचकले. "सोडा म्हणते ना मी!"

त्यांनी सोडलं. विमान आधी खाली झुकलं, गेलंच असं वाटलं, आणि मग कुणीतरी खालून हात दिल्यासारखं वर उचललं गेलं. बांधाच्या पळसांवरून गेलं, डावीकडे हळूच वळलं, उन्हात त्याचा कागद केशरी दिसला. मग इंजिन थांबलं. एवढी शांतता झाली की दूरच्या मोटेचा आवाज ऐकू आला. त्या शांततेत ते घारीसारखं तरंगत, दोन फेरे घेत खाली आलं आणि ज्वारीच्या धसकटांवर बसलं.

भाऊजी पेटी घेऊन धावले. आम्ही पोचलो तेव्हा ते गुडघ्यांवर बसून एकेक काडी बोटानं तपासत होते. काहीच मोडलं नव्हतं. पेटी उघडी पडली होती आणि तिच्यातलं काय काढावं हे त्यांना कळत नव्हतं. हात नुसते मांडीवर ठेवून बसले.

"पुन्हा उडवायचं का जी?" गिरजाबाईनं विचारलं.

"नको," भाऊजी म्हणाले. "मोडेल."

हा शब्द त्यांच्या तोंडून मी पहिल्यांदाच ऐकत होते.

आम्ही दशम्या खाल्ल्या आणि परत निघालो. भाऊजी विमान मांडीवर घेऊन बसले होते, आणि दमणीला हिसका बसला की ते दोन्ही हातांनी अलगद उचलून धरत, पुन्हा टेकवत. रस्ता त्यांच्याच खात्याचा होता आणि हिसके पुष्कळ होते. मग ते ताईला म्हणाले, "जुनं धूड करवतीनं कापतो आणि हेही संध्याकाळी सुटं करतो. खोली उद्या सारवून घे. इंजिन देऊन टाकीन कुणाला तरी." बोलले अगदी सरळ, शब्दाचा माणूस होता. धूळ उडत होती. ताईनं तिच्या बाजूला आलेलं पंखाचं टोक आधी पदराखाली घेतलं, पदर नीट सारखा केला, आणि मग समोर बैलांकडे पाहत म्हणाली, "हे सुटं कशाला करता? आहे केवढंसं. कणगीवर मावेल."